परक्या पोथ्यांतली फुलं

मोरिता-सान यांचं नाव सगळ्यांत आधी घेते. काय घडलं ते मागाहून सांगते. जे घडलं त्यात माझा शहाणपणा काही नव्हता, आणि त्यातून मी उभी राहिले ती त्यांच्यामुळे. वय अडुसष्ट, उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि बोलणं इतकं कमी की पहिले दोन महिने मला वाटायचं, बाई माझ्यावर रागावल्या आहेत. इथे जपानात, त्सुकुबातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरात, पुस्तकं दुरुस्त करायची एक खोली आहे. ती खोली त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली, आणि मला तिथे त्यांनीच आणलं.

मराठी मंडळाच्या ह्या अंकासाठी लिहा म्हणून फुनाबोरीहून संपादक ताईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, अहो, तुमच्या अंकात सगळे इंजिनियर, मी नववीतून शाळा सोडलेली. त्या म्हणाल्या, कामाचं लिहा हो, शिक्षणाचं कोण विचारतंय. विचारतात, ताई. गणपतीच्या कार्यक्रमात हळदीकुंकू लावता लावता विचारतात, "तुमचं ग्रॅज्युएशन कुठलं?" मी म्हणते, साताऱ्याचं, आणि लाडवांचं ताट पुढे करते.

तसं ते खोटंही नाही. साताऱ्यात आमच्या अण्णांचं बाइंडिंगचं दुकान होतं. नववीत मी इंग्रजीत दोनदा आपटले, त्याच वर्षी अण्णांचा दमा वाढला, आणि मी दुकानात बसायला लागले. वकिलांच्या फायली, शाळांची रजिस्टरं, घरोघरच्या पोथ्या. फर्मे, म्हणजे छापील कागदांच्या घड्या, जुळवून त्यांना जुजबंदी शिलाई घालायची, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. खळीत किडा लागू नये म्हणून मोरचूद टाकायचा. हे सगळं मला डोळे मिटून यायचं. मग लग्न झालं. आमचे हे आचारी आहेत, इथल्या एका इंडियन रेस्टॉरंटात. साताऱ्याचा माणूस दिवसभर पालक पनीर करतो आणि घरी येऊन पिठलं मागतो.

मुलीच्या शाळेत एकदा पालकांनी मिळून लायब्ररीची फाटकी पुस्तकं नीट करायची होती. सगळ्या आया चिकटपट्टी लावत बसल्या होत्या. मला ते बघवेना. चिकटपट्टी दोन वर्षांत पिवळी पडते, आणि काढायला गेलं की कागदाचं कातडं घेऊन निघते. मी पर्समधला सुईदोरा काढला आणि एक सुटलेलं चित्रांचं पुस्तक शिवून टाकलं. मान वर केली तर समोर एक ठेंगणी बाई उभी. शाळेनं शिकवायला बोलावलेल्या मोरिता-सान त्या ह्याच. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग विचारलं, "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, वडिलांनी. बस, एवढंच संभाषण.

पुढे त्यांनी पार्टटाइमसाठी बोलावलं तेव्हा अर्ज भरायचा होता. जपानी अर्जात शिक्षणाचा रकाना भला मोठा असतो, शाळेत कधी गेलात, कधी बाहेर पडलात, सगळं ओळीनं. माझी एकच ओळ झाली, खाली पांढरं मैदान. मी तो अर्ज उलटा करून टेबलावर ठेवला. मोरिता-सान यांनी तो सुलटा केला, वाचला, बाजूला सारला आणि एक मोडकं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, "हे कर." केलं. दुसऱ्या आठवड्यापासून मी कामावर.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पुस्तक दुरुस्त करायचं म्हणजे चिकटवायचं. खरं काम उलटं असतं, जुनं चिकटवलेलं सोडवायचं. इथली खळ गव्हाच्या सत्त्वाची, रोज सकाळी थोडीशी शिजवायची, उरली तर फेकायची. मोरचूद नाही, काही नाही. मोरिता-सान यांचं म्हणणं असं की पन्नास वर्षांनी कुणाला आपलं काम उकलावंसं वाटलं तर ते ओल्या बोटानं उकलता आलं पाहिजे. अण्णा असं बांधायचे की पुस्तक फाटेल पण शिलाई सुटणार नाही. मला हे नवीन शिकायला वर्ष लागलं. त्यानंतरही दोरा ताणला की त्या नुसतं "सुनीता" म्हणायच्या, आणि मी सैल करायची.

गिऱ्हाइकं म्हणाल तर विद्यार्थी. एकानं नूडल्सच्या रश्शात बुडालेलं पुस्तक आणलं. आणताना ते वाळवून आणलं होतं, त्यामुळे सबंध खोलीला आठवडाभर मिसोचा वास. एका मुलीच्या पुस्तकाचा कोपरा कुत्र्यानं खाल्ला होता. ती माफी मागायला आली तेव्हा कुत्र्याचा फोटो घेऊन आली. फोटोतलं कुत्रंही तसं ओशाळलेलंच वाटत होतं. पुस्तकांत काय काय सापडतं! सुपरमार्केटच्या पावत्या, केस, बसची तिकिटं, एकदा तर वाळलेला भात. मोरिता-सान यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पुस्तकाचं जे नाही ते काढायचं आणि जळणाऱ्या कचऱ्यात टाकायचं. मी काढत होते, टाकत होते.

मग कुवाबारा-सेन्सेईंच्या पेट्या आल्या.

सेन्सेई, म्हणजे सर, एक्याऐंशी वर्षांचे. त्यांनी जन्मभर फ्रेंच साहित्य शिकवलं, आणि त्यातही एकच गोष्ट: त्या साहित्यातला देव. आता होक्काइदोला मुलीकडे राहायला निघाले होते, म्हणून संग्रह ग्रंथालयाला दिला. जाण्याआधी एक प्रदर्शन व्हावं, आपण ते डोळ्यांनी बघावं, एवढीच त्यांची इच्छा. सामान हलवणाऱ्या कंपनीच्या गाडीबरोबर स्वतः पाच पेट्या घेऊन आले, आणि आम्हां दोघींना उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोरिता-सान यांना सांगत होते खरं तर. पण मी टेबल पुसत होते, आणि म्हातारी माणसं सांगायला लागली की टेबल पुसणारीलाही सांगतात.

पहिल्या पेटीत चर्चसमोरच्या चौकात होणारी नाटकं. प्रती नंतरच्या काळात छापलेल्या, नाटकं मात्र फार जुनी. सबंध गाव नट, पाववाला देव होणार आणि सुतार सैतान, दिवसचे दिवस खेळ चालणार. मला आमच्याकडच्या देवळातली लळितं आठवली. दुसऱ्या पेटीत राजाच्या दरबाराचा काळ. मोजूनमापून लिहिलेली नाटकं, आणि दरबार सोडून एकांतात गेलेले लोक, देवाची कृपा कष्ट करून मिळते की आपोआप, ह्यावर झुरणारे. तिसऱ्या पेटीत बारकी, खिशात लपवता येतील अशी पुस्तकं, कारण त्यांत साधूंची आणि देवाची टिंगल होती आणि सापडलं तर शिक्षा. चौथी पेटी क्रांतीनंतरची. देवळं फोडून झाली आणि मग लोकांना घंटेचा आवाज आठवायला लागला. जाड कादंबऱ्या, देवाला शिव्या देणाऱ्या कविता, पण त्या शिव्या प्रार्थनेच्या चालीत. पाचवी अलीकडची. खेड्यातले एकटे पाद्री, श्रद्धा गेलेल्या जोगिणी, कुणी येईल म्हणून वाट बघणारी माणसं.

मी मध्येच विचारलं, देवाला शिव्या देतात तर ते धार्मिक कसं? सेन्सेई माझ्याकडे वळले. म्हणाले, "तुमच्याकडे नाही देत?" मी म्हटलं, आमच्याकडे संतच देतात. ते हसले, आणि म्हणाले की मग तुम्हांला फ्रेंच शिकायची गरज नाही.

प्रत्येक पेटीत साहित्याच्या पुस्तकांशेजारी त्याच काळातली साध्या माणसांची प्रार्थनेची पुस्तकंही होती. ती त्यांनी फ्रान्समध्ये जुन्या बाजारांतून एकेक करून जमवलेली. लिहिणाऱ्यांचा देव एका बाजूला, वापरणाऱ्यांचा दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी त्यांना करायची होती.

दुसऱ्या दिवसापासून मोरिता-सान मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस रजेवर. जाताना म्हणाल्या, तू फक्त ब्रशनं कोरडी सफाई कर, शिलाईला हात लावू नको, मी आल्यावर बघू.

मी ब्रश घेऊन बसले. पहिल्याच प्रार्थनेच्या पुस्तकात वाळलेलं निळं फूल. पुढे बारीक, चिवट पानांची एक डहाळी, मेंदीच्या कुंपणासारखी. पुढे मेणाचा थेंब, गुलाबाची पाकळी, लाल दोरा, राखेसारखं काहीतरी. माझे हात थांबले. भाषा कळत नव्हती, पण हे काय आहे ते मला न सांगता कळत होतं. अण्णांकडे पोथी बांधायला आली की ती कधी झटकायची नाही. पान पान उलगडून आतलं सगळं ताटलीत काढायचं: तुळस, अक्षता, गंध लागलेला कापूस, उदबत्तीची राख. ताटली भरली की अण्णा ती माहुलीला नेऊन नदीत सोडायचे. केरात टाकलेलं मी जन्मात पाहिलं नाही.

आणि इथे तर समोर पिवळी पिशवी. जळणारा कचरा, मंगळवार आणि शुक्रवार. त्यात नूडल्सची पावती टाकणं वेगळं. कुणा बाईनं हात जोडून ठेवलेलं फूल मी त्यात कसं टाकू?

मी घरून जेवणाचा एक रिकामा डबा आणला. कागदाचं जे होतं, म्हणजे चित्रं, चिठ्ठ्या, ते जागेवर ठेवलं. कागद पुस्तकाचाच, असं अण्णांचं मत. बाकी सगळं, पाचही पेट्यांमधलं, दहा दिवसांत डब्यात जमलं. शेवटच्या दिवशी काम संपल्यावर सायकलवरून साकुरा नदीवर गेले. पाण्यात काही टाकायचं नाही हे मला माहीत होतं, पोलिसाची भीतीही वाटत होती. एक माणूस कुत्रं फिरवत माझ्याकडे बघत उभा राहिला. मी त्याला वाकून नमस्कार केला, नदीलाही केला, आणि डबा उपडा केला. निळं फूल जरा वेळ गोल फिरलं आणि गेलं. घरी येताना मला फार बरं वाटत होतं, ते लपवत नाही. परदेशात कधी नव्हे ते एक काम अण्णांच्या पद्धतीनं पुरं केलं होतं.

मोरिता-सान परत आल्या त्याच दिवशी सेन्सेईही आले. प्रदर्शनाला दोन महिने होते. काळ्या चामड्याचं छोटंसं प्रार्थनेचं पुस्तक उचलून ते म्हणाले, हे बघा, माझं आवडतं, आणि न शोधता एक पान उघडलं. पानावर काही नव्हतं. त्यांनी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. मग दुसरं पुस्तक, मग तिसरं.

शेवटी ते म्हणाले, सामान हलवणाऱ्या लोकांनी पेट्या उलट्या धरल्या असणार. त्यांच्या कंपनीला आत्ता फोन करतो.

मला गप्प बसता आलं असतं. अगदी सोपं होतं. मला इतकी भाषा कुठे कळते, असं सगळे धरूनच चालतात. पण कुठल्या तरी मुलानं पेट्या नीट उचलल्या असणार आणि त्याला माझ्यासाठी बोलणी बसणार.

मी म्हटलं, "सेन्सेई, फोन करू नका. मी काढलं."

"कुठे आहे?"

"नदीत."

त्यांनी मोरिता-सान यांच्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, "नदीत सोडलं. देवाचं होतं. कचऱ्यात टाकवलं नाही."

सेन्सेईंनी पुस्तक दोन्ही हातांनी मिटलं. पुस्तकाकडेच बघत म्हणाले, "तीस वर्षं मी त्या फुलाला हात लावला नाही." आणि चहा न घेता निघून गेले. लिहिणाऱ्यांचा देव एका बाजूला, वापरणाऱ्यांचा दुसऱ्या, असं जे ते म्हणाले होते, त्यातली दुसरी बाजू मी पाण्यात सोडली होती.

ऑफिसनं लेखी खुलासा मागितला. मार्चमध्ये माझा करार संपत होता. देणगीदार नाराज असतील तर पुढे ठेवणं कठीण, असं तिथले साहेब फार गोड शब्दांत म्हणाले. मला खुलासा लिहिता येत नव्हता. मोरिता-सान यांनी तो लिहिला आणि वाचून दाखवला. त्यात असं होतं की संग्रहातल्या पुस्तकांना वेगळा नियम लागतो, आतल्या वस्तू जागेवर ठेवून नोंदवायच्या असतात, आणि हे सहकाऱ्याला सांगायचं राहिलं ही खोलीच्या प्रमुखाची चूक. खाली त्यांचा शिक्का. माझं नाव कुठेच नव्हतं.

मी म्हटलं, असं नका लिहू, मी केलंय. त्या म्हणाल्या, "पुस्तकाचं जे नाही ते काढ, असं कुणी सांगितलं होतं?" आणि मग, "मीसुद्धा कचऱ्यात टाकलं नसतं. आमच्याकडे देवळात नेऊन जाळतात."

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "स्वतःहून सांगितलंस ना? मग जेव आता." जेवण गेलं नाही. नोकरीचं दुःख होतंच, पण त्याहून ते मिटलेलं पुस्तक डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

सोमवारी कामावर गेले तर मोरिता-सान यांनी खोलीतले दिवे मालवले होते. टेबलावर एकच दिवा, तोही आडवा, पानाला समांतर. काळं पुस्तक उघडं. म्हणाल्या, "ये. किती आठवतं तुला?"

आडव्या उजेडात पान वेगळंच दिसत होतं. निळं फूल जिथे होतं तिथे त्याची फिकट तपकिरी सावली पडली होती, पाकळ्या मोजता येतील अशी. शंभर-दीडशे वर्षं एका जागी राहिलेली वस्तू कागदात उतरते. हे मला माहीत होतं, पण कधी उपयोगाचं वाटलं नव्हतं. पोथीच्या पानावर तेलाचा डाग कुठला, तुपाचा कुठला, कापराचा कुठला, हे मी अण्णांच्या दुकानात बोट न लावता सांगायची. ओलं फूल ठेवलं तर कड गडद आणि मध्य फिका. वाळलेलं ठेवलं तर सगळं एकसारखं. मेण कागदाला आरपार करतं. दोरा नुसती रेघ ठेवतो. आणि ती चिवट डहाळी जोडीजोडीनं लांबट ठिपके उमटवते.

आम्ही यादी करायला बसलो. पुस्तक, पान, वस्तू. मी सांगायची, त्या लिहायच्या. सगळं मीच ह्या हातांनी काढलेलं, त्यामुळे पुष्कळसं आठवत होतं. जिथे सावली दिसे पण आठवे ना, तिथे मी अंदाजानं काहीतरी म्हणायला गेले, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. "माहीत नाही, असंही लिहिता येतं," म्हणाल्या. मग बऱ्याच ओळींत ते लिहिलं गेलं. नऊ दिवस लागले. त्यांचे डोळे नुकते उघडलेले, पाणी गळायचं, पुसायच्या आणि पुढचं पान.

सातव्या दिवशी तिसऱ्या पेटीशी आलो. एका बारक्या पुस्तकात मी जोडीजोडीचे ठिपके दाखवले आणि म्हटलं, इथे डहाळी होती. मोरिता-सान यांनी पाठीवरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, नीट बघ, हे प्रार्थनेचं नाही. मी नीट पाहिलं. डहाळीच होती, आणि मला आठवतही होती, कारण तिचं टोक मोडून पानांच्या फटीत अडकलं होतं आणि मी ते सुईनं काढलं होतं.

यादी झाल्यावर आम्ही सेन्सेईंच्या घरी माफी मागायला गेलो. मोरिता-सान काळ्या सूटमध्ये, हातात नीट कागदात बांधलेली मिठाई. माझ्या हातात ह्यांनी केलेले बेसनाचे लाडू, स्टीलच्या डब्यात. दारात गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हा तोच डबा. आता काय करणार! घर अर्धं खोक्यांत गेलं होतं. मोरिता-सान वाकल्या त्या इतका वेळ वाकल्या की मला रडू आलं. मीही वाकले.

सेन्सेईंनी भिंग घेऊन यादी वाचायला घेतली. एकेक ओळ. वाचता वाचता तिसऱ्या पेटीशी थांबले.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "हा लेखक पहिल्यापासून शेवटपर्यंत देवळाची टिंगल करतो. ह्यात चर्चमधून मंतरून आणलेली डहाळी कोण ठेवेल?"

मी म्हटलं, "कोण ते माहीत नाही. होती. मीच काढली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ग्रंथालयात आले. तळघरात दिवे मालवले, आडवा दिवा लावला, ते पान उघडलं. सेन्सेई खुर्चीत पुढे झुकून ठिपके बघत राहिले. मग पान वाचायला लागले. हे पुस्तक त्यांनी किती वर्षं शिकवलं होतं, पण शिकवायची प्रत वेगळी, ही फक्त जपून ठेवलेली. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"इथे एक म्हातारी बाई आहे," ते म्हणाले. "रिकाम्या देवळात दिवा लावते. दिवा लावते आणि घरी जाते, बस. सबंध पुस्तकात ह्या एकाच पानावर लेखक हसत नाही. मी हे पान वर्गात कधी घेतलं नाही. पुढे मजेदार भाग आहे, तिकडे जायची घाई असायची."

कुणीतरी घाई केली नव्हती. देवाची टवाळी करणारं, लपवून आणलेलं पुस्तक वाचता वाचता त्या पानावर कुणीतरी थांबलं होतं, आणि घरातल्या क्रुसामागची डहाळी काढून तिथे ठेवली होती.

त्या दिवशी सेन्सेईंनी चहा घेतला. त्या डहाळीबद्दल सांगितलं: इस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमधून आणतात, वर्षभर घरात क्रुसामागे खोचून ठेवतात. जुनी झाली तरी तीही कचऱ्यात टाकत नाहीत. जाळतात, आणि ती राख पुढच्या वर्षी कपाळाला लावतात. मी म्हटलं, अंगारा. त्यांनी तो शब्द मला दोनदा म्हणायला लावला आणि यादीच्या कोपऱ्यात जपानी अक्षरांत लिहून ठेवला.

प्रदर्शन झालं. पण त्यांनी ठरवलं होतं तसं नाही. काचेखाली पुस्तकं उघडी ठेवली ती सावल्यांच्या पानांवर, प्रत्येकाशेजारी आडवा छोटा दिवा. प्रार्थनेची पुस्तकं आणि साहित्याची पुस्तकं वेगळी मांडलीच नाहीत, एका रांगेत ठेवली. ते बारकं पुस्तक मध्यभागी. खाली पाटीवर लिहिलं होतं की ह्या जागी असलेल्या वस्तू आता नाहीत, त्या नदीत सोडण्यात आल्या. सावल्यांची यादी करणाऱ्यांत माझं नाव पहिलं होतं, मोरिता-सान यांचं दुसरं. तसं लिहा म्हणून मोरिता-सान यांनीच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. माझं नाव मी छापलेलं प्रथमच पाहिलं. दहावीच्या निकालात यायचं राहिलं होतं.

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. सेन्सेई मला एकदाही "असू दे" म्हणाले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. ते फूल असायला हवं होतं. होक्काइदोला जायच्या आदल्या दिवशी ते खोलीत आले आणि अंगणातल्या कुंपणाची एक डहाळी माझ्या टेबलावर ठेवली, तशीच बारीक, चिवट पानांची. म्हणाले, "ही कचऱ्यात टाकली तरी चालेल. मंतरलेली नाही." मी ती यादीच्या पानांत ठेवली. अजून तिथेच आहे.

मार्चमध्ये माझा करार वाढला. मोरिता-सान मात्र निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी घड्या दाबायची हाडाची पट्टी, दाभण, ब्रश सगळं माझ्या खणात लावून दिलं. मग पिशवीतून रेशमी रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं. त्यांच्या आईनं हातानं उतरवलेलं बौद्ध सूत्र, घड्याघड्यांचं, लांबच लांब उलगडणारं. घड्या उसवल्या होत्या, पानं सुटायला आली होती. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं नीट करणाऱ्या बाईनं आपल्या आईचं पुस्तक तसंच ठेवलं होतं.

मी विचारलं, तुम्ही का नाही केलंत? म्हणाल्या, "आत काय आहे ते बघायचं धाडस झालं नाही. आता हाताला कंप आहे." मी हात पुढे केला, तर त्यांनी रुमाल परत बांधला. "तुझ्या हाताला अजून घाई आहे, सुनीता. ती गेली की मला सांग."

मोरिता-सान, हे मी मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्ही वाचणार नाही, आणि म्हणूनच लिहायला जमतंय. घाई कमी होतेय. दोरा आता क्वचितच ताणला जातो, आणि ताणला तर तुमचा आवाज मी स्वतःच काढते. अजून थोडा वेळ द्या. एक दिवस मी तुमच्या दारात येईन, रुमाल उघडायला लावीन, आणि तुमच्या आईचं सूत्र जोडून देईन. घडीला घडी लावीन, ओल्या बोटानं उकलेल अशा खळीनं. आत काय आहे ते मी विचारणार नाही, आणि जे असेल ते जिथे आहे तिथेच राहील. राख असली तर राखेसकट.